पेटीतली सव्वीस पुस्तके

मरगळेवस्तीवर वाचता येणारा माणूस एकच होता, आणि त्याला धड चालता येत नव्हते.

सावळाराम मरगळे पहिल्या लढाईत सरकारी खेचरांबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथे पलटणीतल्या एका हवालदाराने त्याला वाचायला शिकवले आणि एका खेचराने लाथ मारून त्याचा खुबा मोडला. दोन्ही गोष्टी घेऊन तो परत आला. धनगरांच्या वस्तीत त्यातली दुसरीच मोजली गेली. ज्याला शेरडांमागे डोंगर चढता येत नाही, तो पुरुष म्हाताऱ्यांत बसतो. सावळाराम तेवीस वर्षे बसला. त्याने लोकर कातली, दोर वळले, आणि त्याची शेरडे भावाच्या मुलांनी राखली.

वस्ती विंझरच्या वर, दीड तासाच्या चढावर. सावळारामला तोच चढ तीन तासांचा. घरे सतरा. शाळा नव्हती. १९४२ च्या वैशाखात सरकारने डोंगरी गावांसाठी वाचनालयांची योजना काढली. एक वाचणारा माणूस जबाबदारी घेत असेल तिथे पुस्तकांची पेटी द्यायची आणि दोन वर्षांनी तपासणी करायची. पेटीचा उपयोग झालेला दिसला तर वाचनालय कायम, आणि दरसाल अनुदानातून नवी पुस्तके. नाही तर पेटी परत. सावळारामने विंझरच्या पाटलाकडून अर्ज लिहवून घेतला नाही. स्वतः लिहिला. पेटी आली, तिच्यात चौसष्ट पुस्तके होती, आणि कागदावर त्याच्या नावापुढे ‘ग्रंथपाल’ असे लिहिलेले होते.

पुस्तके कुणाच्या घरी ठेवायची यावर पहिल्याच दिवशी वाद झाला. एकाच घरात ठेवली तर बाकीच्यांचे काय? शेवटी देवाच्या टाकाची जशी पाळी असते तशी पुस्तकाचीही ठरली. एक पुस्तक आठ दिवस एका घरी. ज्या घरी पुस्तक, त्या घरच्या कर्त्याने नोंदवहीत अंगठा द्यायचा. घरची बाई पुस्तकाला हळदकुंकू लावून घोंगडीवर ठेवी. दुपारी शेरडे-मेंढरे सावलीला बसली की सावळाराम त्या घरी जाई आणि सगळी वस्ती तिथे जमे.

हरिबा नाना हा वस्तीतला सर्वांत म्हातारा माणूस. त्याचे प्रश्न ठरलेले असत.

“त्या गलबतावर शेरडं किती व्हती?”

“न्हाई लिवलेलं, नाना.”

“मंग ती मानसं दूध कुटनं पीत व्हती?”

“गलबत बुडाय लागलंय, आन् म्हाताऱ्याला दुधाची पडलीय,” धोंडाबाई म्हणे. ती सावळारामची भावजय. “तुमी वाचा वो, भावजी. ह्येंचं चालूच ऱ्हातंय.”

“तुला काय कळतंय गं? पानी पायलंयस का कंदी समुद्राचं?”

“तुमी पायलंय व्हय? विंझरच्या फुडं गेला न्हाई उभ्या जल्मात.”

गलबताची गोष्ट दोन वर्षांत चार वेळा वाचून झाली. मेंढरांच्या रोगांवरचे पुस्तक किती वेळा झाले याची मोजदाद नाही. त्याचे पान हवे तेव्हा उघडता यावे म्हणून लोकांनी त्यात काड्या घालून ठेवल्या होत्या. दोन सावत्र भावांची एक कादंबरी होती. तिच्यातल्या धाकट्या भावाला वस्तीतल्या बायका नावाने शिव्या देत. या पुस्तकांचे कोपरे झिजले, दोरे सुटले, पानांवर हळद आणि तेलकट बोटे उमटली. बाकीची पुस्तके तशीच राहिली. विलायती कोंबड्या, मधमाशा, सदाचारावरची व्याख्याने, एक जाडा शब्दकोश. ती एकदा वाचून पाहिली होती. हरिबा नाना पहिल्या पानालाच झोपला होता.

पारूबाई ही सावळारामची बायको. ती वाचनाच्या वेळी मागे, दाराशी बसे. ऐकण्यापेक्षा तिचे लक्ष दुसरीकडे असे. नवरा मधे बसला आहे, चाळीस माणसे त्याच्या तोंडाकडे बघत आहेत, आणि भावाची मुले शेरडे सोडून पळत आली आहेत, हे ती बघत असे. तेवीस वर्षांत तिने हे पाहिलेले नव्हते.

१९४४ च्या माघात तपासणीचा कागद आला. साहेब गुरुवारी विंझरला येणार होते आणि शुक्रवारी सकाळी वस्तीवर. सावळाराम गुरुवारी पहाटेच काठी घेऊन उतरायला लागला. रात्री विंझरला मुक्काम करून साहेबांना बरोबर घेऊन यायचे, असे त्याने ठरवले होते.

“पुस्तकं समदी घरी आनून ठिव,” जाताना तो पारूबाईला म्हणाला. “एका वळीत मांड. साएब बघत्याल.”

तिने सतरा घरे फिरून पुस्तके गोळा केली. त्याच दुपारी कोंडिबा आला. कोंडिबा वरवे बुद्रुकचा, शेरडांचा व्यापारी, गावोगाव फिरणारा. पुस्तकांची रास बघून तो ओट्यावर टेकला.

“तपासनीवाला येनार व्हय? मंग ही अशी ठिवनार त्येच्यापुढं?”

“का वो?”

“खाली एका गावात गेल्ता त्यो. म्या हुतो तितं. फाटकं पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आन् पुस्तकवाल्याचं नाव इचारलं. बापाचं नाव इचारलं. आडनाव इचारलं. समदं लिवून घेतलं कागदावर.”

“कशापायी?”

“आता कशापायी म्हंजी! सरकारी माल हाय त्यो. सरकारी घोडं लंगडं केलं तर सोडत्यात का? दिस कसले हैत बगा, पारूबाई. पोरंसोरं सुदिक पकडून न्हेत्यात.”

कोंडिबाने पाहिले ते खरे होते. त्याचा अर्थ त्याने स्वतःच्या मनाने लावला होता, आणि तो चुकीचा होता.

कोंडिबा गेल्यावर पारूबाईने धोंडाबाईला बोलावले. धोंडाबाईने आणखी पाच जणींना. सात बायका पुस्तकांभोवती बसल्या. कुणालाच वाचता येत नव्हते, पण कोणते पुस्तक खराब झाले आहे हे बघायला वाचता यावे लागत नाही. त्यांनी हाताने चाचपून, कडा बघून दोन भाग केले. स्वच्छ अडतीस. खराब सव्वीस.

“लपवून ठिवू,” एक जण म्हणाली.

“कुटं? साएब घरं धुंडाळल. गावलं की मंग जास्तीच.”

“चुलीत...”

“ए!” धोंडाबाई ओरडली. “पोथी चुलीत घालतीस?”

पुस्तक छापलेले असो की हाताने लिहिलेले, त्यांच्या लेखी ती पोथीच होती. जीर्ण झालेल्या पोथीचे काय करायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. ती जाळायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. वाहत्या पाण्यात सोडायची. त्यात पाप नाही. उलट न सोडणेच वाईट. हा विचार सुचल्यावर सगळ्यांची भीती कमी झाली. आपण काही लपवत नाही, जे करायला हवे होते तेच करतो आहोत, असे त्यांना वाटले.

दिवस कलायच्या आत सात जणी पाट्यांत पुस्तके घेऊन कानंदी नदीवर उतरल्या. प्रत्येक पुस्तकाला हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या. पुस्तके बुडेनात. तेव्हा त्यांनी लुगड्याच्या चिंध्या फाडून दोन-दोन पुस्तकांत दगड बांधला. गलबताचे पुस्तक धोंडाबाईने ओळखले, कारण त्याचा एक कोपरा तिच्याच चुलीपाशी करपला होता. ते तिने शेवटपर्यंत हातात धरले.

“त्यास्नी सांगायचं न्हाई,” पारूबाई म्हणाली. “कुनीबी. माझ्या गळ्याची आन हाय.”

शुक्रवारी सकाळी सावळाराम साहेबांना घेऊन आला. साहेबांचे नाव त्र्यंबक मोघे. ते मूळचे शाळामास्तर, तपासणीसाठी खात्याने तीन महिन्यांपुरते घेतलेले. एकोणीस वाचनालये त्यांनी बघायची होती, हे तेरावे. बारांपैकी नऊ ठिकाणी पेटीचे कुलूपच गंजलेले होते आणि नोंदवही मात्र भरलेली होती. नोंदवहीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. ते पुस्तक उघडत आणि पानाचा खालचा उजवा कोपरा बोटांनी चाचपत. कोपरा मऊ पडला असेल तर पुस्तक वाचले गेले आहे. फाटके पुस्तक दिसले की ते खूश होत आणि ग्रंथपालाचे पूर्ण नाव विचारून ‘प्रशंसनीय’ या रकान्यात लिहीत. असे आतापर्यंत एकाच गावात घडले होते.

वाटेत सावळाराम सारखा बोलत होता. पाळी कशी ठरली, कोणते पुस्तक किती वेळा झाले, हरिबा नाना काय विचारतो. मोघे हसले. तीन तास त्याच्या चालीने चालताना त्यांनी एकदाही घाई केली नाही. हे वाचनालय आपण कायम करणार आहोत अशा आनंदाने ते चढत होते.

घरात घोंगडीवर अडतीस पुस्तके ओळीत मांडलेली होती.

सावळाराम उंबऱ्यातच थांबला.

“बाकीची कुटं हैत?” त्याने विचारले.

पारूबाई खाली बघत म्हणाली, “हैत तेवढी हीच.”

“अगं, गलबताचं? मेंढरांचं? पाळीवर ऱ्हायली असत्याल. जा, हरिबा नानाकडं बघ.”

हरिबा नानाने सांगितले की त्याने पुस्तक कालच पारूबाईच्या हातात दिले. नानाची सून धोंडाबाईच्या मागे उभी होती. ती म्हणाली, “मामंजींस्नी आठवत न्हाई आताशा. आमच्याकडं न्हवतंच.” नाना तिच्याकडे बघतच राहिला.

मोघ्यांनी अडतीस पुस्तके एकेक करून उघडली. सगळे कोपरे ताठ होते. शब्दकोशाची पाने तर अजून एकमेकांना चिकटलेली होती. मग त्यांनी नोंदवही घेतली. दोन वर्षांची पाने, आणि प्रत्येक पानावर अंगठे.

“वस्तीत वाचता किती जणांना येतं?”

“मला एकट्याला, साएब.”

“आणि पुस्तकं नेली कुणी?”

“समद्यांनी. म्या वाटंत बोल्लो न्हवं का, पाळी...”

“ते ऐकलं मी. पण जी वाचली ती पुस्तकं मला दाखवा, सावळाराम. एक दाखवा.”

सावळारामने पुन्हा दाराकडे पाहिले. दारात सात बायका उभ्या होत्या. हरिबा नाना कोपऱ्यातून म्हणाला, “साएब, मला तोंडपाट हाय की. गलबत बुडालं तवा त्येच्यावर तेरा मानसं व्हती.”

मोघ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तपासणीच्या तक्त्यात ऐकलेल्या गोष्टीसाठी रकाना नव्हता. त्यांनी ‘पुस्तके कमी: २६. उरलेली न वापरलेली’ असे लिहिले आणि चहा न घेता ते निघाले. सावळारामने त्यांना पोचवायला उठण्याचा प्रयत्न केला, पण त्याचा खुबा धरला होता.

नदीच्या उतारावर मोघे वहाणा काढत होते तेव्हा मागून पारूबाई आली. ती डोंगरावरून पळत आली होती.

“साएब, म्या केलं. त्येंचा गुन्हा न्हाई. त्यास्नी ठावंबी न्हाई.”

तिने सगळे सांगितले. कोंडिबाचे बोलणे, पाट्या, दगड. मोघे पाण्यात एक पाय ठेवून ऐकत होते.

“किती खराब झाली होती?”

“लई, साएब. पानं सुटल्याली. काड्या घातल्याल्या. हळदीचं डाग. आमी अडानी, जपाया पायजे व्हतं.”

“बाई,” मोघे म्हणाले. ती खराब पुस्तकेच दाखवायची होती, हे तिला आता सांगून काय होणार होते? त्यांनी ते सांगितले नाही. ते काठावर एका खडकावर बसले, पिशवीतून तक्ता काढला आणि ‘विशेष शेरा’ या जागी बारीक अक्षरात लिहायला लागले. जागा पुरेना तेव्हा कागदाच्या पाठीवर लिहिले. साक्षीदाराच्या नावाशिवाय शेऱ्याला वजन येत नाही हे त्यांना माहीत होते.

“तुमचं नाव?”

ती घाबरली. मग तिने सांगितले. “पारूबाई. माझं नाव घाला. पर त्यास्नी सांगू नका. भरल्या वस्तीत त्यांची मान खाली जाईल.”

“मी सांगणार नाही,” मोघे म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

त्यांच्या शेऱ्यात असे होते: या वाचनालयाची सव्वीस पुस्तके वाचून वाचून जीर्ण झाली होती. ग्रंथपालाची पत्नी पारूबाई हिने, शिक्षा होईल या भीतीने, ती नदीत विसर्जित केल्याचे स्वतः सांगितले. मी तपासलेल्या सर्व वाचनालयांत पुस्तके एवढी वापरली गेल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. पेटी कायम करावी, आणि शक्य तर दुसरी द्यावी.

वरच्या कचेरीत एकोणीस तक्त्यांचा एक गोषवारा करण्यात आला. प्रत्येक वाचनालयाला एक ओळ. कागदाच्या पाठीवरचा मजकूर गोषवाऱ्यात आणायची रीत नव्हती, आणि पुढच्या बाजूला शेऱ्याची पहिली दोन वाक्येच मावली होती. पहिल्यातले ‘वाचून वाचून’ वरच्या रकान्यातल्या ‘न वापरलेली’शी जुळत नव्हते, म्हणून कारकुनाने ते सोडून दिले. त्याने काही चुकीचे लिहिले नाही.

मधले दोन महिने वस्तीवर वाचन झाले नाही. सावळारामने सतरा घरी जाऊन विचारले. मग त्याने हरिबा नानाशी बोलणे सोडले, कारण शेवटचे पुस्तक नानाकडे होते आणि नाना म्हणत होता ते कुणीच खरे धरत नव्हते. नाना रोज दुपारी सावळारामच्या दारावरून जाई, थांबे, आणि पुढे जाई. पारूबाई हे बघत होती. दोनदा तिने नवऱ्यापुढे तोंड उघडले, आणि दोनदा भाकरीचे विचारून गप्प बसली.

चैत्राच्या शेवटी वेल्ह्याच्या कचेरीतला शिपाई हुकूम घेऊन आला. शेरडे बसलेली होती. सगळी वस्ती जमली. वस्तीवर आलेला कागद सगळ्यांसमोर वाचायचा, हे आता अंगवळणी पडले होते, आणि वाचणारा तोच एक होता.

सावळारामने मोठ्याने सुरुवात केली.

“मौजे मरगळेवस्ती येथील ग्रामवाचनालयाच्या तपासणीत असे आढळून आले की, पेटीतील सव्वीस पुस्तके...”

इथे तो थांबला. कागदावर पुढे असे होते: ‘ग्रंथपालाची पत्नी पारूबाई हिने नदीत टाकल्याचे तिने स्वतः कबूल केले आहे. सबब पुस्तकांचा उपयोग वाचनासाठी होत नसल्याचे सिद्ध होते.’

पारूबाई दाराशी बसली होती. तिने पदर तोंडात धरला होता. आपले नाव येणार हे तिला माहीत होते. तिने स्वतःच ते दिले होते.

“वाच की,” शिपाई म्हणाला.

“पेटीतील सव्वीस पुस्तके,” सावळाराम म्हणाला, “ग्रंथपाल सावळाराम मरगळे यांच्या हलगर्जीपणाने हरवली. सबब वाचनालय बंद करण्यात येत आहे. पेटी जमा करावी.”

शिपायाला वाचता येत नव्हते.

हरिबा नाना म्हणाला, “तुज्या हातनं हरवली? मंग माझ्यावर का रं रुसला व्हतास?”

“चुकलं माझं, नाना.”

“आता ते गलबताचं परत न्हाई यायचं?”

“न्हाई.”

नाना उठला. जाताना त्याने सावळारामच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथे बराच वेळ राहिला.

शिपाई पेटी डोक्यावर घेऊन उतरला. माणसे पांगली. धोंडाबाई सर्वांत शेवटी गेली. जाताना तिने पारूबाईकडे पाहिले आणि दोघींनी नजर वळवली.

पारूबाईने चूल पेटवली. लाकडे ओली होती, धूर झाला. बराच वेळ ती फुंकत राहिली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

“त्यो साएब चांगला मानूस व्हता.”

“का गं?”

“आसंच. काय ऐकलं सवरलं तरी समदंच लिवलं नसल त्यानं.”

सावळाराम चुलीपाशी बसला. हुकूम अजून त्याच्या हातात होता. विंझरला पाटील होता, मास्तर होता. पुढेमागे कुणीही तो वाचून दाखवू शकला असता.

“व्हय,” तो म्हणाला. “चांगला व्हता.”

त्याने कागदाची घडी घातली आणि ती ओल्या लाकडांखाली सरकवली.

“अवं, सरकारी कागद हाय न्हवं त्यो!”

“पेटंना न्हवं का,” सावळाराम म्हणाला. “फुक आता.”